काबूस पुण्यात शिकले नव्हते, आणि ओमान १९७० ला जन्मलेलं नाही

ओमानवरचा तो मेसेज मला परत आला, या वेळी सख्ख्या मामाकडून, म्हणून आता सविस्तर लिहितोच. मेसेज थोडक्यात असा: ओमानचे सुलतान काबूस पुण्यात शिकले, शंकर दयाळ शर्मा त्यांचे गुरुजी, म्हणून शर्मा राष्ट्रपती झाल्यावर मस्कतला गेले तेव्हा सुलतानांनी स्वतः गाडी चालवत त्यांना नेलं. त्यापुढे जोडलंय की ओमान म्हणजे इंग्रजांची कॉलनी, नुसतं वाळवंट, तेल सापडलं म्हणून १९७० ला देश झाला आणि तिथे कायदा नावाची गोष्टच नाही. मी मस्कतला नऊ वर्षं नोकरी केलीय, त्या देशाचं मीठ खाल्लंय, मला हे वाचून खरंच वाईट वाटतं.

पहिलं पुण्याचं घेऊ. काबूस यांचा जन्म नोव्हेंबर १९४० चा, दक्षिण ओमानमधल्या सलालाचा. शाळा तिथेच झाली, मग १९५८ ला इंग्लंड, १९६० ला सँडहर्स्टची लष्करी अकादमी. आणि शर्मा? त्यांनी कायदा शिकवला तो लखनौ आणि केंब्रिजला, तेव्हा काबूस पाच-सहा वर्षांचे असतील. १९५२ ते ५६ शर्मा भोपाळ राज्याचे मुख्यमंत्री, नंतर मध्य प्रदेशात मंत्री. मग पुण्यात तास कधी घेतले, सांगा ना! आपल्याला गुरुभक्तीची गोष्ट आवडते हे समजतं पण तारखा जुळत नाहीत तर नाहीत. खरा भारताशी संबंध काबूसांच्या वडिलांचा आणि आजोबांचा आहे, वडील सईद बिन तैमूर अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकले, आणि आजोबा तैमूर १९३२ ला गादी सोडून बसले आणि १९६५ ला वारले ते आपल्या मुंबईत. मला वाटतं यातूनच कुठेतरी सरमिसळ झाली असावी.

आता कॉलनी. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. १५०७ ला पोर्तुगीज सरदार अल्बुकर्कने मस्कत घेतलं, तोच अल्बुकर्क ज्याने तीन वर्षांनी गोवा घेतला. गोव्यात पोर्तुगीज १९६१ पर्यंत बसले, मस्कतमधून त्यांना ओमानी लोकांनी १६५० लाच हाकललं, म्हणजे चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्याच्या ८९ वर्षं आधी. आणि तेवढ्यावर थांबले नाहीत, १६६८ ला त्यांच्या आरमाराने दीव लुटलं, १६९८ ला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा मोंबासाचा किल्ला घेतला, पुढे तिथलं झांझिबार बेटच राजधानी केली, लवंगांच्या बागा लावल्या. तेव्हाचे ओमानचे सुलतान सय्यद सईद यांचं ‘सुलताना’ जहाज १८४० ला खजूर, कॉफी, गालिचे घेऊन थेट न्यूयॉर्कला गेलं होतं आणि ते जहाज बांधलं होतं आपल्या माझगावला! इंग्रजांचा दाब नंतर प्रचंड वाढला हे मान्य, १८६१ ला व्हाइसरॉय कॅनिंगने झांझिबार आणि ओमान वेगळे करून टाकले, १८९१ ला इंग्रजांशिवाय कोणाला जमीन देणार नाही असं लिहून घेतलं. पण कागदावर ती वसाहत कधीच नव्हती, म्हणून आपल्या १५ ऑगस्टसारखा दिवस तिथे नाही. आता राष्ट्रीय दिन २० नोव्हेंबरला असतो, तो १७४४ ला बुसईद, म्हणजे आजचंच राजघराणं, सत्तेवर आलं त्याच्या आठवणीत.

नुसतं वाळवंट म्हणणाऱ्याने एकदा जुलैत सलाला बघावं. आकाराने ओमान जवळजवळ महाराष्ट्राएवढं, तीन लाख चौरस किलोमीटरच्या थोडं वर, वस्ती मात्र पन्नास लाखांच्या आसपास. उत्तरेला तीन हजार मीटरपर्यंत जाणारे हजर डोंगर, दक्षिणेला ढोफारात, म्हणजे सलालाच्या भागात, आपलाच नैऋत्य मान्सून. जोराचा पाऊस नाही, बारीक भुरभुर आणि धुकं, पण डोंगर असे हिरवे होतात की कोकणातून आलेला माणूस गप्प होतो, रस्त्याच्या कडेला शहाळी, केळी, पपया टांगलेले स्टॉल. त्या मोसमाला तिथे ‘खरीफ’ म्हणतात, आपला खरीप तोच शब्द. आणि निझवाजवळ मी फलज पाहिला, डोंगरातून आणलेला पाट, गुडघ्याएवढाही खोल नाही, पाणी स्वच्छ, पोरं पाय सोडून बसलेली. प्रत्येक बागेला पाण्याची पाळी ठरलेली, ‘अथर’ म्हणजे साधारण अर्धा तास, दिवसा उन्हाच्या सावलीवर मोजायचे आणि रात्री ताऱ्यांवर. धुळ्याकडची फड पद्धत आणि तिथला पाटकरी ज्यांना माहितीय त्यांना हे लगेच कळेल. असे तीन हजारांवर फलज अजून चालू आहेत, पाच युनेस्कोच्या यादीत आहेत. हे तेलाने दिलेलं नाही.

तेलाचं एवढंच, निर्यात सुरू झाली १९६७ ला, आणि काबूस गादीवर आले २३ जुलै १९७० ला, वडिलांना हटवून. मधली तीन वर्षं पैसा येत होता तरी देशात शाळा तीनच, रात्री मस्कतच्या वेशीचे दरवाजे बंद, बाहेर पडायचं तर हातात कंदील हवाच. चलनही तोपर्यंत आपल्या रिझर्व्ह बँकेने काढलेला गल्फ रुपया. म्हणजे तेल असून चालत नाही, ते खर्च कुठे करायचं हे ठरवणारं कोणीतरी लागतं.

राहिला कायदा. ओमान लोकशाही नाही, राजकीय पक्षांना परवानगी नाही, शेवटचा शब्द सुलतानाचा, ते मी झाकत नाही. पण १९९६ पासून लिखित मूलभूत कायदा आहे, मजलिस अल शूरा, म्हणजे सल्लागार सभागृह, लोक निवडतात, बायकाही मत देतात, आणि २०२३ ला तर मतदान मोबाईल ॲपवर झालं. काबूस यांना मूलबाळ नव्हतं. १० जानेवारी २०२० ला ते गेले, कायद्याप्रमाणे घराण्याला तीन दिवसांत वारस ठरवायचा होता, नाही जमलं तर सुलतानांनी लिहून ठेवलेलं पत्र उघडायचं. घराण्याने वाद न घालता पत्रच उघडायला सांगितलं, टीव्हीवर सगळ्यांसमोर पाकीट फोडलं, आत नाव होतं चुलत भाऊ हैसम बिन तारिक यांचं. पुढच्याच वर्षी त्यांनी कायद्यात युवराजपद घातलं, म्हणजे आता पाकिटाची गरजच उरली नाही.