टेलिकन्व्हर्टर की क्रॉप : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातील येरळवाडीच्या तलावावरील पक्ष्यांच्या छायाचित्रणाविषयी लिहिताना मी ३०० एफ/४ लेन्सवर (फोकल लांबी ३०० मिलिमीटर आणि छिद्र एफ/४; एफचा आकडा लहान तेवढे छिद्र मोठे) १.४ पट टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसून प्रतिमा तेवढ्या पटीने मोठी करणारा भिंगांचा जोड, वापरण्याची शिफारस केली होती आणि तिला आपण सांगलीहून सविस्तर आक्षेप घेतला आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे : टेलिकन्व्हर्टर लावला की प्रकाश निम्मा होतो, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढवावा लागतो आणि फोटोत दाणे येतात, मध्ये आणखी भिंगे आल्याने तीक्ष्णताही घटते, त्यापेक्षा मूळ लेन्सनेच फोटो काढून घरी क्रॉप करावा (कडा कापून पक्षी मोठा करावा) आणि नवख्यांना या खर्चात पाडू नये. दाखला म्हणून आपण २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान सेन्सरच्या) डीएसएलआरवर, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर, १५०-६०० मिलिमीटरचा झूम आणि २ पट टेलिकन्व्हर्टर लावून कृष्णाकाठी टिपलेल्या खंड्याचा फोटो दिला आहे. आपण हे अनुभवातून लिहिले असल्यामुळे उत्तरही तपशिलाने देणे मला आवश्यक वाटते.

प्रथम प्रकाशाचा मुद्दा घेतो, कारण बहुतेकांचा घोटाळा तेथेच होतो. ३०० एफ/४ लेन्सचे छिद्र ३०० भागिले ४, म्हणजे ७५ मिलिमीटरचे असते. १.४ पट टेलिकन्व्हर्टर लावल्यावर ती ४२० एफ/५.६ होते, आणि ४२० ला ५.६ ने भागले तरी उत्तर ७५ च येते. म्हणजे पक्ष्याकडून कॅमेऱ्यात येणारा प्रकाश जवळजवळ तेवढाच राहतो. फक्त पक्ष्याची प्रतिमा सेन्सरवर दुप्पट क्षेत्रफळ व्यापते, म्हणून तेवढेच तूप एकाऐवजी दोन भाकऱ्यांवर पसरावे तसा तो प्रकाश विरळ होतो. १/१००० शटर स्पीडला आयएसओ ४०० चा ८०० करावा लागतो तो यामुळेच. परंतु आयएसओ ४०० ला काढलेला फोटो क्रॉप करून पक्षी त्याच आकाराचा केला, की त्यातले दाणेही मोठे होतात आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवल्यावर दाण्यांचा फरक नगण्य उरतो. १०० टक्के झूम करून दोन्हींतील एकेक पिक्सेल ताडून पाहणे हीच मुळात चुकीची तुलना आहे; पक्षी समान आकाराचा करून पाहिल्यासच ती न्याय्य ठरते.

प्रकाशाची बरोबरी झाल्यावर खरा प्रश्न एवढाच उरतो की बारकावे कोठे गळतात, सेन्सरवर की लेन्समध्ये. येरळवाडीला हिवाळ्यात पट्टकादंब हा पाणपक्षी ८० मीटरवर बसला आहे आणि चोचीसह त्याचे डोके साधारण १० सेंटीमीटरचे आहे असे धरू. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम (३६ × २४ मिलिमीटरच्या) सेन्सरचा एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यावर ३०० मिलिमीटरने हे डोके सुमारे ६० पिक्सेलांत मावते, तर ४२० ने ते ९० च्या जवळ जाते. त्याच्या डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या दोन्हींत दिसतील. मात्र पट्टीची कड जेथे पांढऱ्या पिसांत मिसळते ती जागा आणि डोळ्यातली चमक हे ६० पिक्सेलांत पुसट होते. जे सेन्सरने टिपलेच नाही, ते क्रॉप करून मिळवता येत नाही. १.४ पट क्रॉप केल्यावर २४ पैकी १२ मेगापिक्सेल उरतात आणि २ पट केल्यावर ६. चांगल्या ३०० एफ/४ लेन्समध्ये ६ मायक्रॉनच्या पिक्सेलला पुरून उरेल एवढी तीक्ष्णता असते, आणि टेलिकन्व्हर्टर नेमकी हीच शिल्लक वापरात आणतो. लेन्सचे दोषही तो तेवढ्याच पटीने मोठे करतो, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. म्हणूनच लेन्समध्ये शिल्लक आहे की नाही हे आधी पाहावे लागते.

आपल्या खंड्याच्या फोटोत ती शिल्लक नव्हती. एपीएस-सीवरील २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरचा पिक्सेल जेमतेम ३.९ मायक्रॉनचा असतो, म्हणजे तो सेन्सर मुळातच खूप बारीक टिपतो. ६०० ला आपला झूम एफ/६.३ असतो आणि २ पट टेलिकन्व्हर्टर लावल्यावर तो १२०० एफ/१३ च्या जवळ जातो. तेवढ्या लहान छिद्रातून येणाऱ्या हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू विवर्तनामुळे (छिद्राच्या कडेशी प्रकाश वळून पसरल्यामुळे) सुमारे १७ मायक्रॉनच्या ठिपक्याएवढा पसरतो, म्हणजे चार पिक्सेलांहून रुंद होतो. अशा जोडीत क्रॉप करणेच योग्य, हा आपला निष्कर्ष मी पूर्णपणे मान्य करतो. फोकस पुढेमागे फिरत राहिला, ही तक्रारही स्वाभाविक आहे. डीएसएलआरची फोकस यंत्रणा सामान्यतः एफ/५.६ पर्यंत आणि काही कॅमेऱ्यांत मोजक्या मधल्या बिंदूंवर एफ/८ पर्यंत भरवशाने चालते. एफ/१३ ला ती चाचपडणारच. मिररलेस (आरसा नसलेले) कॅमेरे सेन्सरवरूनच फोकस करत असल्याने त्यांची मर्यादा बरीच पुढची असते. पण या एका जोडीवरून १.४ पट टेलिकन्व्हर्टर आणि चांगली प्राइम (झूम नसलेली, एकाच फोकल लांबीची) लेन्स यांच्याविषयी सरसकट निर्णय देणे मला पटत नाही.

आपल्या आक्षेपात एका उपयोगाचा विचार राहून गेला आहे. टेलिकन्व्हर्टरने लेन्सचे किमान फोकस अंतर बदलत नाही, प्रतिमा मात्र तेवढ्या पटीने मोठी मिळते. निकॉनच्या ३०० एफ/४ पीएफ लेन्सचे हे अंतर १.४ मीटर आहे आणि तेथून मिळणारे वर्धन (सेन्सरवरची प्रतिमा मूळ वस्तूच्या किती पट ते) ०.२४ पट, १.४ पट टेलिकन्व्हर्टरने ते ०.३४ च्या आसपास जाते. कासच्या पठारावर पायवाट न सोडता, एकही रोप न तुडवता सीतेची आसवं ही इवली रानफुले टिपायची असतील, तर हा फरक फार मोलाचा आहे. पक्ष्यांच्या बाबतीतही माझा आग्रह याच कारणाने आहे : पाणपक्ष्यांच्या जवळ जाऊ नये, कारण एका चांगल्या फोटोसाठी अख्खा थवा उठवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याऐवजी आपण स्वतः पारख करावी. वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातींचे पान सावलीतल्या भिंतीवर चिकटवावे, २० मीटरवर ट्रायपॉड लावावा आणि सकाळी, हवा तापण्यापूर्वी, लाइव्ह व्ह्यूत (मागच्या पडद्यावर पाहून) हाताने फोकस करून एकदा टेलिकन्व्हर्टरशिवाय आणि एकदा तो लावून फोटो काढावा. शटर रिमोटने किंवा टायमरने दाबावे. नंतर पहिला फोटो १.४ पट मोठा करून दुसऱ्याशेजारी ठेवावा आणि फक्त अनुस्वार पाहावेत, कारण एवढ्या अंतरावर बारीक टायपातला अनुस्वार फुल फ्रेमवर जेमतेम पिक्सेलभर उरतो. टेलिकन्व्हर्टरच्या फोटोत ते अधिक वाचता आले, तर तो आपल्या लेन्सवर कामाचा आहे. दोन्हींत सारखेच दिसले, तर पैसे वाचवावेत. मात्र ही पारख १.४ पटाने करावी, २ पटाने नव्हे. दुपारी उन्हात ती करू नये. माळावरच्या तापलेल्या हवेत दूरचे दृश्य थरथरते आणि तो दोष नाहक टेलिकन्व्हर्टरच्या माथी मारला जातो.

नवख्यांच्या खर्चाबद्दलची आपली काळजी रास्त आहे. त्यांना मी एवढेच सांगेन की एफ/६.३ च्या झूमसाठी टेलिकन्व्हर्टर घेऊ नये, आणि एफ/४ किंवा त्याहून मोठ्या छिद्राची लेन्स असल्यास कंपनीच्या सुसंगत लेन्सांची यादी पाहिल्याशिवाय घेऊ नये. अनेक टेलिकन्व्हर्टरांचे पुढचे भिंग बाहेर आलेले असते. न जुळणाऱ्या लेन्सवर तो जबरदस्तीने बसवला, तर ते लेन्सच्या मागच्या भिंगावर आदळून दोन्हींचे नुकसान होऊ शकते.