पदकाच्या कडेवरचा पत्ता

रघुजी भोसल्यांची तलवार 2025 मध्ये लंडनच्या लिलावातून 47.15 लाख रुपयांना सोडवून आणली, तेव्हा परदेशातल्या आमच्या मराठी घरांतही आनंद झाला. त्याआधी वाघनखं तीन वर्षांसाठी उसनी साताऱ्याला आली होती. हे सगळं व्हायलाच हवं. पण त्याच ब्रिटनमध्ये आपल्या गावाकडच्या शिपायांची पदकंही लिलावात निघतात आणि त्यांची चौकशी कुणी करत नाही. 'ते इंग्रजांसाठी लढले, आपला काय संबंध?' असंच घरून ऐकू येतं. संबंध त्या पदकाच्या कडेवर कोरलेला असतो.

पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं, 36 मिलिमीटर व्यासाचं. भिश्ती, खेचरवाले अशा बिनलढाऊ माणसांना तेच ब्राँझमध्ये मिळालं. कडेवर बारीक ठशांनी नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते. 1914-15 स्टार या ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर हा मजकूर मागच्या बाजूला असतो. असं पदक हाती आलं तर कृपा करून चांदीचं पॉलिश लावू नका, आधीच झिजलेली अक्षरं त्याने आणखी पुसट होतात. टॉर्च तिरका धरा, पदक थोडं थोडं फिरवत सात-आठ फोटो काढा, मग नंबरातला 3 आहे की 8 हे सावलीत कळतं. मृताच्या घरी पाठवलेल्या 12 सेंटिमीटरच्या ब्राँझ तबकडीवर मात्र फक्त नाव असतं, ना नंबर ना पलटण. विकणारा तबकडी आणि पदक वेगळं करतो, तिथेच माग तुटतो.

पुढची पायरी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या युद्धातल्या मृतांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची यादी. ती इंटरनेटवर फुकट पाहता येते. बहुतेकांची गाडी इथे अडते, कारण ते नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत भरतात. भारतीय शिपायांचं अख्खं नाव बऱ्याचदा आडनावाच्या रकान्यात असतं, आणि स्पेलिंग कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. म्हणून नाव सोडा, नंबर आणि पलटण टाका. नुसता नंबर पुरत नाही. तो पलटणीपुरताच असायचा, त्यामुळे 110 आणि 117 मराठा, दोन्हींत तोच नंबर सापडू शकतो. पलटणही जुन्या क्रमांकानेच शोधायची. 103, 105, 110, 114, 116, 117 या मराठा पलटणी 1922 मध्ये एका रेजिमेंटखाली आल्या, युद्ध त्याआधीचं.

नाव सापडलं नाही तर तो बहुधा जिवंत परतला होता. पदक सगळ्यांना मिळालं, यादी मात्र 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 या काळात गेलेल्यांची. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूतला 6व्या पूना डिव्हिजनने 29 एप्रिल 1916 ला शरणागती पत्करली. त्या वेढ्यात तीन मराठा पलटणी होत्या, आणि त्यांतले कितीतरी जण नंतर कैदेत वारले. तिथल्याच बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांची नुसती संख्या. हा अन्याय कमिशनच्या समितीनेच 2021 मध्ये मान्य केला. बेल्जियममधल्या ईप्र (Ypres) शहराच्या मेनिन गेट या स्मारक-वेशीवर मात्र भारतीय नावं आहेत आणि तिथे रोज संध्याकाळी आठ वाजता बिगूल वाजतो.

नशीब चांगलं असेल तर नोंदीत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा मिळतो. जिल्हा जुना असतो. कुलाबा म्हणजे आजचा रायगड; रत्नागिरी लिहिलेलं गाव आज सिंधुदुर्गात असू शकतं; साताऱ्याचं सांगलीत. इथून पुढे लंडनचं काम संपतं आणि तहसील कचेरीचं सुरू होतं. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14, जन्म-मृत्यूची नोंदवही, जुन्या काळची बरीचशी मोडीत. बाप-लेकाची जोडी जुळते ती तिथेच.

आणि हीच दप्तरं 2023 पासून कुणबी नोंदींसाठी उघडली गेली. मोडी वाचणारे बसवले, पानं स्कॅन झाली. ज्या पानावर जात शोधली, त्याच पानावर मेसोपोटेमियात गेलेल्या पोराचा जन्म लिहिलेला असू शकतो. आरक्षणाच्या वादात कुणी कुठल्याही बाजूचा असो, हे स्कॅन गावाच्या आणि बापाच्या नावाने शोधता येतील असे करावेत, एवढी मागणी घरच्यांनी लावून धरावी. तलवारीसाठी जेवढा आग्रह धरला, त्याच्या निम्मा पुरे. पदकांचे फोटो इथून पाठवायला आम्ही आहोत.