सीट वाया गेली म्हणे

आज एका साखरपुड्याला गेलो होतो. पंगतीत शेजारी बसलेल्या पावण्यांनी माझ्या लेकीला विचारलं, "मग डॉक्टरीणबाई, ब्रँच कुठली मिळाली?" ती म्हणाली, "पीएसएम. कम्युनिटी मेडिसिन." म्हणजे एकेका पेशंटपेक्षा अख्ख्या गावाचं आरोग्य बघणारी शाखा. पावण्यांचा हात जिलेबीवरच थांबला. "म्हंजे? दुसरं काय मिळालं न्हाई व्हय?" ती म्हणाली, "मीच घेतलंय." मग ते माझ्याकडं वळले. "आण्णा, एवढी पोरगी शिकवलीसा आणि शेवटाला सीट वाया घालवलीसा की."

कार्य दुसऱ्याचं, म्हणून तिथं गप्प बसलो. घरी आल्यापासून डोकं शांत होईना, म्हणून लिहायला बसलोय. जरा लांबेल. ज्यांना वेळ आहे त्यांनीच वाचा.

माझं कोल्हापुरात मंगळवार पेठेत मेडिकल आहे, 26 वर्षं झाली. आमच्या आबांना शुगर होती. गोळ्या माझ्याच दुकानातनं जायच्या, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. 11 वर्षांत एक दिवस खंड नाही. दर तीन महिन्यांनी डॉक्टर. आबा शर्टाची घडी मोडू न देता जायचे, रिपोर्ट दाखवायचे, चिठ्ठी घेऊन यायचे. दोन मिनिटांचं काम.

2011 ला त्यांनी चप्पल लाईनीतनं नवी चप्पल घेतली. कर्रकर्र वाजणारी. नवी कोल्हापुरी चावते हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेल लावायचं, चार दिवस घरात घालून फिरायचं, मग ती पायाला बसते. आबा मात्र खूश. म्हणाले, "ही लई मऊ हाय, चावतच न्हाई."

तिसऱ्या दिवशी आई स्वयंपाकघरातनं ओरडली. शहाबादी फरशीवर देवघरापासून दारापर्यंत रक्ताचे ठिपके. एका बाजूचेच, पावलागणिक एक. आबा दारातच उभे होते. त्यांनी खाली बघितलं आणि विचारलं, "कुणाचं रगात हे?"

हे वाक्य आजही मला झोपू देत नाही. स्वतःच्या पायातनं रक्त चाललंय आणि माणूस विचारतोय कुणाचं म्हणून.

अंगठ्याची वादी पार आत कापत गेली होती. त्यांना कळलंच नाही, कारण बरीच वर्षं शुगर राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. दुखतच नाही, मग माणूस बघतच नाही. पुढं जखम चिघळली, बोट काळं पडलं. शेवटी सीपीआरमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं.

आता पावण्यांना माझा सवाल आहे. 11 वर्षांत आबांना एकदाही कुणी "पाय दाखवा" म्हणालं नाही. डॉक्टर हुशार होते, मोठी डिग्री, बाहेर रांग. वाईट माणूस नव्हता. पण पायाकडं बघायला त्यांना वेळ नव्हता आणि आबांना ते विचारायचं असतं हे माहीत नव्हतं. आणि मी? डी.फार्म. झालेला, रोज शंभर लोकांना गोळ्या देणारा, बापाच्या पायाकडं मीही बघितलं नाही. हे लिहिताना हात थरथरतोय, पण लिहितो.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मी डबा घेऊन वॉर्डात गेलो. एक इंटर्न मुलगी आबांच्या कॉटजवळ स्टूल ओढून बसली होती. बोलण्यावरनं नांदेडकडची वाटत होती. तिच्या हातात कापसाचा बोळा. "आबा, डोळे मिटा. कापूस लागला की हो म्हणा." आबांनी डोळे मिटले. ती चांगल्या पायाच्या तळव्याला कापूस लावत होती. एकदा, दोनदा, पाच वेळा. आबा गप्प. मग डोळे मिटूनच म्हणाले, "लाव की पोरी, वाट बघतोय."

मी डबा हातात धरून तसाच उभा राहिलो.

मग तिनं आबांना समजावलं. रोज रात्री झोपताना दाढीचा आरसा पायाखाली धरून तळवा बघायचा. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. चप्पल झटकून, आत हात फिरवून मगच घालायची. पाणी गरम आहे का ते पायानं नाही, कोपरानं बघायचं. अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा. आबा म्हणाले, "आणि जोतिबाला?" ती हसली नाही. म्हणाली, "आबा, चैत्रात तो दगड तापलेला असतो. तुम्हाला चटका कळणार नाही. देव रागावणार नाही." 10 मिनिटं. घड्याळात बघितली होती मी.

आबा 2019 ला गेले, वेगळ्याच आजारानं. दुसऱ्या पायाला 8 वर्षांत एक जखम झाली नाही. आरसा रोज रात्री खिळ्यावरनं निघायचा.

ही पोरगी कुठं आहे, काय करते, मला माहीत नाही. त्या 10 मिनिटांचे तिला किती मार्क मिळाले असतील? शून्य. नीट पीजी, म्हणजे एमबीबीएसनंतर ब्रँच मिळवायची परीक्षा. तिला 200 प्रश्न, साडेतीन तास, 800 मार्क. चुकला की एक मार्क गेला. त्यात रोगाचं नाव विचारतात, औषध विचारतात. स्टूल ओढून बसलास का, हे कोण विचारणार? म्हणून इंटर्नशिपचं अख्खं वर्ष पोरं वॉर्ड सोडून अभ्यासिकेत. लेकच सांगायची, पीएसएमची पोस्टिंग म्हणजे सगळ्यांना सुट्टी वाटते. आणि चौकाचौकांत डिजिटल बोर्ड लागतात ते मार्कांचे. आपणच लावतो. त्या पोरांना कशाला दोष द्यायचा!

बरं, रेडिओलॉजी, स्किन घेणारे सगळे पैशाच्या मागं, असंही मी म्हणत नाही. आबांच्या पायाचा रक्तपुरवठा कुठवर आहे ते डॉपलर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, करून रेडिओलॉजिस्टनंच सांगितलं, म्हणून बाकीचा पाय वाचला. आणि कर्ज काढून शिकलेल्या पोराला उपदेश करायचा मला अधिकार नाही. मान्य.

पण पीएसएम म्हणजे वाया? 2012 ला इचलकरंजीत काविळीची साथ आली, ती पाण्यातनं. एकेका पेशंटला सलाईन लावून साथ थांबत नाही, पाण्याच्या लाईनीपर्यंत जावं लागतं. 2019 च्या महापुरात आपण सगळे अडकलो होतो. पाणी उतरल्यावर विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर किती टाकायची, डॉक्सीसायक्लिनची गोळी कुणाला द्यायची, हे कुठलं शास्त्र आहे? याच "वाया गेलेल्या" ब्रँचचं.

आणि हे कोल्हापूर आहे हो. 1886 ला आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांना नेमणूक कुठं मिळाली? आपल्या संस्थानात, आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या बायकांच्या विभागात. आजचं सीपीआर ते हेच. त्या रुजू होण्याआधीच वारल्या. शिकायला जाताना त्यांनी काय कारण सांगितलं होतं? की आपल्या बायका पुरुष डॉक्टरला मोकळेपणानं सांगत नाहीत. म्हणजे पेशंटनं बोलावं आणि डॉक्टरनं ऐकावं, एवढ्यासाठी ती बाई सातासमुद्रापार गेली होती.

माझ्या काउंटरवर रोज काय चालतं सांगू? "बीपी नॉर्मल आलं, गोळी बंद केली." अहो, गोळीनंच नॉर्मल आलंय! "शेजारच्या वहिनींना लागू पडली तीच गोळी द्या." चिठ्ठीशिवाय देऊ नये म्हणून लाल रेघ असलेली अँटिबायोटिकची पट्टी दाखवून "दोनच द्या, ताप उतरला की बास." सांगितलं की राग येतो, पुढच्या दुकानात जातात. आणि पुढचा दुकानदार देतो. मीही पूर्वी दिल्यात. लोकांना अडाणी म्हणायची माझी छाती होत नाही, कारण त्यांना बसवून सांगितलंय कुणी कधी?

लेक मिरजेला एमबीबीएस झाली. बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष शाहूवाडी तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात केलं. मी एकदा डबा घेऊन गेलो, तर ही बाई ओपीडी संपल्यावर पाच-सहा म्हाताऱ्यांना ओट्यावर ओळीनं बसवून पाय बघत होती. एकीच्या भेगेत बाभळीचा काटा मोडलेला. म्हातारी म्हणाली, "कवा मोडला कुणास ठावं." काट्याभोवती पू झाला होता. लेकीनं काढला, धुतला, पट्टी केली आणि मग तिच्या सुनेला हाक मारून तिच्या हातात पाय दिला. "रोज रात्री बघायचं, काकू. तुम्ही बघायचं, त्यांना दिसत न्हाई."

खरं सांगतो, रँक आल्यावर मीसुद्धा म्हणालो होतो, "एक वर्ष रिपीट कर, मेडिसिन मिळेल." चार दिवस घरात अबोला होता. मला वाटलं आबांमुळं ही असं करतेय, तेव्हा 11 वर्षांची होती, सगळं बघितलेलं. तसं विचारलंही. तर म्हणाली, "आण्णा, सगळं आबांवर नका ढकलू. मला ते काम आवडतं. मी करतो की." विषय संपला.

आता आजची राहिलेली गोष्ट. हात धुवायला उठलो तेव्हा तेच पावणे मोबाईल घेऊन लेकीजवळ आले. सासऱ्यांचा रिपोर्ट. शुगरची तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) 9.8, म्हणजे बरीच जास्त. "जरा बघ की पोरी, गोळी बदलायची काय?" तिनं रिपोर्ट बघितला. किती वर्षं शुगर आहे विचारलं. चौदा. मग विचारलं, "पाय कधी बघितलेत त्यांचे?"

पावणे म्हणाले, "पायाला काय झालंय? काय दुखत न्हाई त्यांचं."

माझ्या पोटात खड्डा पडला. लेक शांतपणे म्हणाली, "रविवारपर्यंत मी हाय इथं. घेऊन या त्यांना, मी बघतो."

त्यांनी मान डोलावली, पण आणतील असं वाटत नाही. नंबर घेतलाय मी. उद्या सकाळी दुकानाचं शटर वर केलं की पहिला फोन त्यांना.