‘मिस्त्रीला एक रुपयाही देऊ नका’ या संदेशाला उत्तर

गेल्या रविवारी सकाळी इंदूरच्या राजेंद्रनगरात राहणाऱ्या माझ्या मामांचा फोन आला. गिझर लावला की एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास आपोआप वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच) पडते, म्हणून त्यांनी जुन्या १६ अँपियरच्या जागी लावायला बाजारातून ३२ अँपियरची नवी एमसीबी आणली होती, आणि ती बसवताना मेन स्विच बंद करावाच लागतो का, एवढेच त्यांना विचारायचे होते. ही कल्पना कोठून आली असे विचारल्यावर त्यांनी मला एक संदेश पाठवला. ‘घरातली दहा कामे : मिस्त्रीला एक रुपयाही देऊ नका’ असे त्याचे शीर्षक आहे आणि शेवटी लिहिले आहे की, परवाना हा केवळ पैसे उकळण्याचा धंदा असून स्वतःच्या घरात स्वतः काम करण्यास कोणताही कायदा आडवा येत नाही. हाच संदेश पुढे मला कुटुंबाच्या आणि गल्लीच्या अशा दोन्ही गटांत मिळाला. मी वीस वर्षे घरगुती वायरिंगच्या कामांवर देखरेख करतो आणि माझ्याकडे पर्यवेक्षकाचे सक्षमता प्रमाणपत्र आहे. मामा ७४ वर्षांचे आहेत आणि एकटे राहतात. त्यामुळे या संदेशाकडे दुर्लक्ष करणे मला शक्य नाही.

सर्वांत घातक मुद्दा सातवा आहे. तो सांगतो की, एमसीबी वारंवार पडत असेल तर ती ‘कमी ताकदीची’ आहे, तिच्या जागी दुप्पट अँपियरची बसवावी. हे लिहिणाऱ्याला एमसीबी कशासाठी असते हेच ठाऊक नाही. ती गिझरचे रक्षण करण्यासाठी नसते, भिंतीत दडलेल्या तारेचे रक्षण करण्यासाठी असते. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे १६ ऐवजी ३२ अँपियर वाहू दिले तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. शिवाय ३२ अँपियरची एमसीबी ३२ ला पडत नाही. मानकानुसार तिने ३६ अँपियर तासभर वाहू दिले पाहिजेत. घरातील तारांवरचे साधे पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असते. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेतून ३६ अँपियर जाऊ लागल्यावर त्या आवरणाचे काय होते, हे जळालेला बोर्ड उघडणाऱ्या कोणालाही विचारावे.

मी त्याच दुपारी मामांकडे जाऊन मेन बंद केला आणि बोर्ड उघडला. त्यांचा गिझर २००० वॉटचा आहे, म्हणजे तो सुमारे ९ अँपियर घेतो. मग ९ अँपियरला १६ ची एमसीबी का पडावी? घर जुने असल्यामुळे त्या लाइनला अॅल्युमिनियमची तार आहे. अॅल्युमिनियम स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरते आणि पकड सैल होते. एमसीबीचा खालचा स्क्रू पेचकसाने चांगला दीड फेरा फिरला. तारेचे टोक काळे पडले होते, त्यावरचे पांढरे आवरण बोटभर लांबीपर्यंत तपकिरी झाले होते आणि नखाने स्पर्श करताच त्याचा भुगा झाला. सैल सांध्यातली उष्णता एमसीबीच्या आतल्या, तापल्यावर वाकून वीज तोडणाऱ्या द्विधातूच्या पट्टीपर्यंत पोहोचत होती, म्हणून ती वेळेआधी पडत होती. मामांनी ३२ ची बसवली असती तर ती पडली नसती आणि तो सांधा रोज अर्धा तास निमूटपणे तापत राहिला असता. बोर्डाखाली लाकडी मांडणी आहे आणि तिच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता.

आता ‘कोणताही कायदा आडवा येत नाही’ या विधानाकडे वळतो. हे सरळ खोटे आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील नियम ४५ पासून ही तरतूद चालत आली आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षाविषयक विनियमांत ती होती आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या विनियमांतही आहे. तिचा आशय असा की, वीजजोडणीतील भर, फेरफार किंवा दुरुस्ती राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली आणि परमिटधारक कामगाराकडून करून घ्यायची. घर स्वतःचे आहे म्हणून यातून सुटका नाही. तरतुदीत अपवाद मात्र दिलेला आहे : दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणे बदलता येतात, पण त्या बदलाने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. मला ही अट फार महत्त्वाची वाटते, कारण सामान्य माणसाला लागणारी सीमारेषा तिच्यात आखून दिलेली आहे. बिघडलेला स्विच काढून तसाच स्विच लावणे या रेषेच्या अलीकडे येते. १६ च्या जागी ३२, गिझरसाठी नवी लाइन किंवा गच्चीवर नवा पॉइंट ही कामे पलीकडची आहेत, मग ती हाताला कितीही सोपी वाटोत.

म्हणून संदेशातील पहिले तीन मुद्दे, म्हणजे दिवा, स्विच आणि नळाचा वायसर स्वतः बदलणे, मला नाइलाजाने का होईना मान्य करावे लागतात. चौथा रंगकामाचा आहे, त्यालाही हरकत नाही. आणखी एक गोष्ट कबूल करतो. परवाना एकाच्या नावावर आणि प्रत्यक्ष काम करणारा मुलगा बिनपरमिटाचा, असा प्रकार आमच्या व्यवसायात सर्रास चालतो, आणि त्यामुळे लोकांचा विश्वास उडाला असेल तर दोष आमचा आहे. यावर उपाय म्हणजे परवाना आणि परमिट दोन्ही पाहायला मागणे, आणि काम संपल्यावर आपल्यासमोर मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) तारांचे इन्सुलेशन तपासून घेणे. पेचकस स्वतःच्या हाती घेतल्याने तो दोष दूर होत नाही.

आठव्या मुद्द्यात जुन्या घरात अर्थिंग नसेल तर सॉकेटमधील अर्थची पिन न्यूट्रलला जोडण्याचा सल्ला आहे. हे जोडल्यावर सर्व काही उत्तम चालते, म्हणूनच ते फसवे आहे. ज्या दिवशी न्यूट्रलची तार मागे कोठे तरी तुटते, त्या दिवशी चालू फ्रिजच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात आणि दार उघडायला घरातले कोणीही जाऊ शकते.

नववा मुद्दा गॅस गिझर बाथरूममध्ये बसवून ‘थंडी येऊ नये म्हणून’ झरोका बंद करण्याचा आहे. बंद जागेत गॅस अपुरा जळाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गळती कळावी म्हणून सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, कार्बन मोनॉक्साइडला मात्र वासच नाही, त्यामुळे आंघोळ करणाऱ्याला काही कळण्याआधी त्याची शुद्ध हरपते. गिझर बाथरूमबाहेर मोकळ्या हवेत बसवावा आणि तो वितरकाच्या किंवा कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच बसवून घ्यावा. घरात पाइपचा गॅस असेल तर मीटरपुढची नळी हलवणेही कंपनीचेच काम आहे. सिलिंडरचा गॅस गळत असेल तर १९०६ हा क्रमांक लावावा.

ठोकून पोकळ वाजणारी भिंत बिनधास्त पाडा, असे दहावा मुद्दा म्हणतो. प्लास्टर सुटले असेल तर स्लॅबचा भार पेलणारी भिंतही पोकळ वाजते. इंदूरच्या रामबागेसारख्या जुन्या वस्त्यांतील घरांना बऱ्याचदा काँक्रीटचे खांब नसतात, भिंतीच छप्पर तोलून धरतात. तेथे संरचना अभियंत्याच्या लेखी सल्ल्याशिवाय दारही रुंद करू नये. उरलेले दोन मुद्दे टाइल्स आणि पडदे यांचे आहेत, त्यांत भांडण्यासारखे काही नाही.

मामांची ३२ ची एमसीबी दुकानदाराने परत घेतली. गिझरसाठी तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र लाइन, नवे अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (प्रवाह जमिनीकडे गळू लागताच वीज तोडणारा स्विच) यांचे काम गुरुवारी परवानाधारक ठेकेदाराकडून सुरू होईल, आणि तोपर्यंत मामा आंघोळीचे पाणी शेगडीवर तापवत आहेत.