‘चांगल्या शिक्षकाला ऑनलाइन शिकवण्याचं प्रशिक्षण कशाला?’ : एका संदेशाला मुद्देसूद उत्तर

विद्यापीठात शिकवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर दर सत्राच्या तोंडावर एक संदेश फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सूर तोच असतो. ‘ज्याला वर्गात शिकवता येतं, त्याला कुठेही शिकवता येतं. २०२० मध्ये आपण सगळ्यांनी आठवड्याभरात ऑनलाइन शिकवून दाखवलं, तेव्हा कुणी प्रशिक्षण दिलं होतं? विद्यार्थ्यांचीही तक्रार नव्हती. सॉफ्टवेअरची चार बटणं कळली की झालं. हायब्रिड म्हणजे वर्गात कॅमेरा लावणं. माध्यमाने फरक पडत नाही, हे तर संशोधनच सांगतं. कार्यशाळा म्हणजे प्रमाणपत्रांचा कारखाना. तो वेळ आम्हाला शिकवायला द्या.’

शेवटच्या वाक्यामागचा वैताग मला समजतो, आणि त्यात तथ्यही आहे. पण बाकीच्या वाक्यांनी नुकसान होतं. विभागाच्या बैठकीत कुणी प्रशिक्षणासाठी वेळ मागितला की हीच वाक्यं पुढे केली जातात आणि विषय तिथेच संपतो. म्हणून एकेक वाक्य घेते.

आधी २०२० चं, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. त्या वर्षी प्राध्यापकांनी जे निभावून नेलं त्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण ती आपत्कालीन सोय होती. हा भेद तेव्हाच, मार्च २०२० मध्ये, चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एज्युकॉज रिव्ह्यू’मधल्या लेखात स्पष्ट केला होता. संकटकाळात तात्पुरतं दुरून शिकवणं वेगळं, आणि पहिल्यापासून ऑनलाइनसाठी आखलेला कोर्स वेगळा. असा कोर्स उभा करायला साधारणपणे सहा ते नऊ महिने लागतात आणि शिकवणाऱ्याचा हात दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बसतो, असंही त्यांनी नोंदवलं होतं. आठवड्याभरात जमलं म्हणून शिकण्यासारखं काही नाही म्हणणं, हे पुरात होडीने माणसं पलीकडे नेली म्हणून पुलाची गरज नाही म्हणण्यासारखं आहे.

तक्रार नव्हती, हा पुरावा तर फारच कच्चा. हार्वर्डमध्ये पदार्थविज्ञानाच्या वर्गांवर २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. स्वतः गणितं सोडवत, एकमेकांशी बोलत शिकलेली मुलं चाचणीत पुढे होती, पण ‘आम्ही जास्त शिकलो’ असं वाटत होतं ते सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांना. मुलांना बरं वाटलं का आणि मुलं शिकली का, हे दोन प्रश्न वेगवेगळे तपासावे लागतात.

‘चांगला शिक्षक कुठेही चांगला’ हे वाक्य मात्र सन्मानाने हाताळायला हवं, कारण ते बोलणारे बहुतेकदा खरोखरच चांगले शिक्षक असतात. वर्गात ते काय करतात? फळ्यावर सिद्धता मांडताना मागे वळून पाहतात. तिसऱ्या रांगेतलं पेन थांबलेलं दिसतं, दोघींनी एकमेकींच्या वहीत डोकावलेलं दिसतं, आणि ते न ठरवता एक पायरी मागे जातात. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की आपण असं काही करतो, हेही त्यांना सांगता येत नाही. ऑनलाइन गेल्यावर नेमकं हेच हातातून निसटतं. समोर नावं लिहिलेले काळे चौकोन, किंवा तेही नाहीत, कारण मुलं रेकॉर्डिंग रात्री अकराला पाहणार आहेत. जे वर्गात नजरेने कळायचं, ते कळण्याची व्यवस्था आता आधीच करून ठेवावी लागते: दहाव्या मिनिटाला एक प्रश्न, ज्याचं चुकीचं उत्तर नेमका कुठला गैरसमज आहे ते सांगेल, प्रत्येक घटकाच्या शेवटी ‘अजून काय धूसर आहे’ हे निनावी विचारणारी एक ओळ, दुसऱ्या आठवड्यापर्यंत कोर्सचं पान न उघडलेल्यांची यादी आणि त्यांना नावानिशी एक निरोप.

साधी वाट पाहण्याची गोष्ट घ्या. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी उत्तरं लांब आणि अधिक विचारपूर्वक येऊ लागतात. ऑनलाइन वर्गात आवाज पोचायला क्षण जातो, मग म्यूट काढायचं, मग दुसरं कुणी बोलतंय का याचा अंदाज घ्यायचा. तिथे तीन सेकंदही अपुरे पडतात. इतकी लांब शांतता सोसणं अनुभवी व्याख्यात्यालाही जड जातं, म्हणून तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो, आणि महिन्याभरात वर्ग मुका होतो. मग ‘ऑनलाइन मुलं बोलतच नाहीत’ असा निष्कर्ष निघतो. ‘आधी सगळ्यांनी चॅटमध्ये उत्तर लिहा, मी सांगेन तेव्हाच एकदम पाठवा’ ही एवढीशी युक्ती कुणी दाखवून दिली आणि एकदा करून पाहिली की तोच वर्ग बोलू लागतो. गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० साली ऑनलाइन अभ्यासगटाची जी मांडणी केली, तिच्यात शिक्षकाची ‘उपस्थिती’ म्हणजे थेट शिकवणं, आणि तितकंच महत्त्व आधीच्या आखणीला आणि चर्चा पुढे नेण्याला आहे. चांगल्या शिक्षकाकडे यातलं पहिलं असतं. उरलेली दोन त्याला शिकता येतात, पण आपोआप येत नाहीत.

‘चार बटणं’ हा मुद्दा लोकांना पटतो, कारण बरीच प्रशिक्षणं खरोखरच बटणांपाशी थांबतात. एक उदाहरण जवळून पाहू. अर्थशास्त्राच्या कोर्सवर चर्चामंचात प्रश्न आहे: ‘किंमत नियंत्रणाच्या फायद्यातोट्यांवर चर्चा करा. किमान दोन सहाध्यायांना प्रतिसाद द्या.’ मंच उघडला आहे, मुदत घातली आहे, गुण जोडले आहेत; सगळी बटणं बरोबर. पुढे काय होतं ते ऑनलाइन शिकवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पहिला विद्यार्थी पाठ्यपुस्तकातला परिच्छेद उतरवतो, बाकीचे तेच शब्द फिरवतात, आणि मुदतीच्या रात्री ‘छान मांडलंस, सहमत आहे’ अशी रांग लागते. यात मुलांचा दोष नाही. प्रश्नातच मतभेदाला जागा ठेवलेली नाही.

आता तोच विषय असा विचारा: ‘घरभाड्यावर कमाल मर्यादा आली आहे. तुमच्या गटाला जुना भाडेकरू, घर शोधणारा नवखा, घरमालक किंवा बांधकाम व्यावसायिक यांपैकी एक भूमिका दिली आहे. पाच वर्षांनी त्या माणसाची स्थिती काय असेल, ते मागणी-पुरवठ्याच्या आकृतीवरून सांगा. मग दुसऱ्या भूमिकेतल्या एकाच्या आकृतीतलं न पटलेलं गृहीतक शोधा, आणि ते बदललं तर निष्कर्ष कसा बदलतो ते दाखवा.’ इथे उतरवून चालत नाही आणि ‘सहमत आहे’ लिहून सुटका होत नाही. मूडल या ऑनलाइन कोर्स चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक चर्चाप्रकार आहे, ज्यात स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय इतरांची दिसत नाहीत. ते बटण आता कामाचं आहे. पण त्याचं काय करायचं, हे प्रश्न असा रचल्यावरच उमगतं. असा प्रश्न लिहायला विषय लागतो, मुलं त्यात कुठे अडखळतात याची जाण लागते, आणि वेळेच्या अंतराने, लेखी होणारी चर्चा कशी चालते याचं भान लागतं. पुन्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ साली मांडलेली ‘टीपॅक’ ही चौकट याच तिन्हींच्या सांध्याबद्दल आहे. बटणं शिकवणाऱ्या तीन तासांत हा सांधा हाती लागत नाही.

व्हिडिओंचंही तेच. रेकॉर्ड करणं सोपं आहे. पन्नास मिनिटांचं व्याख्यान सलग टाकणं त्याहून सोपं. एडएक्स या खुल्या ऑनलाइन कोर्सेसच्या संकेतस्थळावरच्या चार कोर्सेसमधल्या ६९ लाख पाहण्यांचा अभ्यास २०१४ मध्ये झाला. व्हिडिओ कितीही लांब असो, लोक टिकून राहण्याचा मध्यक सहा मिनिटांच्या पुढे गेला नाही. ते हौसेने आलेले विद्यार्थी होते, गुणांसाठी बसलेले नव्हते, तेव्हा सहा मिनिटांचा नियम करू नये. मला दुसरा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. २०१३ मध्ये संख्याशास्त्राचं २१ मिनिटांचं ध्वनिचित्रित व्याख्यान चार तुकड्यांत दाखवलं गेलं. ज्यांना प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी दिली, त्यांचं लक्ष कमी भरकटलं, टिपणं वाढली आणि शेवटच्या परीक्षेतले गुणही वाढले. व्याख्यान तेच होतं. थांबायचं कुठे आणि विचारायचं काय, हे फक्त ठरवलेलं होतं. आणखी एक गोष्ट, जी बटणांच्या यादीत क्वचितच येते: स्कॅन करून टाकलेली पानं दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, नुसतं चित्र असतात. त्याच्यासाठी ती पानं कोरी आहेत, आणि ‘सगळं अपलोड केलंय’ म्हणणाऱ्या शिक्षकाला हे कुणी सांगितलेलंच नसतं.

हायब्रिड म्हणजे कॅमेरा लावणं, हा संदेशातला सगळ्यात घातक गैरसमज. तीस जण खोलीत, बारा जण पडद्यावर. खोलीतली एक मुलगी शंका विचारते. शिक्षक तिच्याकडे वळून सुंदर उत्तर देतात. पडद्यावरच्या बाराजणांना शंका ऐकूच आलेली नाही, आणि शिक्षकांची पाठ मायक्रोफोनकडे आहे. त्यांनी फळ्यावर जे लिहिलं त्यावर दिव्याचा प्रकाश चमकतोय. चॅटमध्ये एकाने चार मिनिटांपूर्वी विचारलंय, ‘सर, वरची ओळ दिसत नाही.’ ते वाचायला कुणाला वेळ आहे? असे दोन तास गेले की ते बाराजण हजेरीपुरते उरतात. त्यांना बेफिकीर म्हणण्याआधी त्यांच्या जागी बसून एक तास पाहावा.

यावरचे उपाय महागडे नाहीत, पण सरावाचे आहेत. शंका मोठ्याने पुन्हा उच्चारायची आणि मगच उत्तर द्यायचं. फळ्याऐवजी टॅबलेटवर लिहायचं, म्हणजे दोन्हीकडे एकच दिसतं. दर तासाला खोलीतल्या एका विद्यार्थ्याकडे चॅटची जबाबदारी द्यायची, त्याला मध्येच बोलायची मुभा ठेवायची. चर्चेत पहिला प्रश्न पडद्यावरच्यांना विचारायचा, कारण खोलीतले एकदा बोलू लागले की दूरच्यांना शिरायला फट मिळत नाही. आणि त्याहून आधीचा निर्णय: या तासात सगळ्यांनी एकाच वेळी एकत्र असणं कशासाठी हवं आहे? नुसतं ऐकायचंच असेल तर ते आधी व्हिडिओवर होऊ शकतं. सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठात ब्रायन बीटी यांनी २००६ च्या सुमारास हायफ्लेक्स पद्धत (वर्गात यायचं की ऑनलाइन, हे विद्यार्थ्याने ठरवायचं) घडवली, तेव्हा चार तत्त्वं ठेवली: विद्यार्थ्याला निवड, सर्व वाटांची समतुल्यता, साहित्याचा पुनर्वापर आणि सर्वांना पोच. समतुल्यता म्हणजे दोन्हीकडे एकच कृती नव्हे. कृती वेगळी असेल, पण शिकून झाल्यावर हाती लागणारी गोष्ट तितकीच मोलाची हवी. हे कॅमेऱ्याने होत नाही, आखणीने होतं. दोन श्रोतृगट एकाच वेळी सांभाळणं हा विद्यापीठातल्या अध्यापनाचा बहुधा सगळ्यात अवघड प्रकार आहे, आणि तोच बिनतयारीने सोपवला जातो.

आता संशोधनाचा दाखला. माध्यमाने फरक पडत नाही, हे वाक्य मला मान्य आहे. त्यावरून काढलेला अर्थ मान्य नाही. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने २०१० मध्ये अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यात ऑनलाइन आणि विशेषतः मिश्र पद्धतीने, म्हणजे काही वर्गात आणि काही ऑनलाइन, शिकलेल्यांची कामगिरी सरासरीने थोडी सरस दिसली. पण तिथेच अभ्यासकांनी बजावलं की हे श्रेय माध्यमाला देऊ नये, कारण मिश्र वर्गांत अनेकदा शिकण्याचा वेळ, साहित्य आणि संवादाच्या संधी जास्त होत्या. म्हणजे फरक पाडणाऱ्या गोष्टी शिक्षकाच्या आखणीतल्या आहेत. हा दाखला प्रशिक्षणाच्या बाजूचा आहे.

राहिला प्रमाणपत्रांचा कारखाना. इथे संदेशकर्त्याशी माझं भांडण नाही. दोनशे जणांना म्यूट करून स्लाइड वाचून दाखवायच्या आणि शेवटी फॉर्म भरला की प्रमाणपत्र, असल्या कार्यक्रमांनी प्राध्यापकांचा विश्वास घालवला आहे. परस्परसंवादी अध्यापनावर दोन तास एकतर्फी बोलणाऱ्या वक्त्याकडून काय शिकायचं? पण वाईट कार्यशाळा बंद करण्याचा हट्ट धरावा, शिकणंच बंद करण्याचा नव्हे. शालेय शिक्षकांच्या वैयक्तिक मार्गदर्शनावरच्या ६० अभ्यासांचं विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. वर्गात येऊन पाहणारा, नेमक्या कृतीवर बोलणारा मार्गदर्शक असेल तर शिकवण्यात ठळक सुधारणा होते, असं त्यात दिसलं. कार्यक्रम मोठा होत गेला तसा परिणाम घटला, हेही दिसलं. विद्यापीठातल्या कामातही मला हेच पटत आलं आहे. प्राध्यापकाने स्वतःचाच कोर्स घेऊन बसावं. एक घटक निवडावा. एका सहकाऱ्याने त्या कोर्समध्ये विद्यार्थी म्हणून शिरावं, असाइनमेंट शोधावी, सूचना वाचून ती करायचा प्रयत्न करावा आणि कुठे अडकलो ते सांगावं. पुढच्या सत्रात दुरुस्ती, पुन्हा तपासणी.

याला वेळ लागतो, आणि ‘तो वेळ आम्हाला द्या’ ही मागणी म्हणूनच बरोबर आहे. ती फक्त योग्य दारी न्यायला हवी. ऑनलाइन कोर्स नव्याने उभा करणाऱ्याला त्या सत्रात एक तासिका कमी द्या, कोर्सची आखणी कार्यभारात मोजा, तपासणाऱ्या सहकाऱ्याचाही वेळ मोजा. तासिकेवर नेमलेल्या शिक्षकांना प्रशिक्षणाच्या तासांचं मानधन द्या. कित्येकदा ऑनलाइन वर्ग त्यांच्याच गळ्यात पडतात आणि प्रशिक्षणाच्या यादीत त्यांची नावं नसतात. पुढच्या सत्राचं वेळापत्रक ठरवणाऱ्या बैठकीत हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्या, कारण तासिका वाटून झाल्यावर द्यायला वेळ उरलेला नसतो.