‘दाखला दाखवा, फुकट शिका’ या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की एक मेसेज फिरायला लागतो : ‘मागासवर्गीय मुलांना मार्क लागत नाहीत. दाखला दाखवला की लंडनला जाता येतं, वर खर्चायला पैसे, आणि हे सगळं लाटतात बंगल्यातली मुलं.’ गेली काही वर्षं मी मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देतो. त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी लंडन. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अख्ख्या महाराष्ट्रातून अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मिळून ७५ जणांना मिळते. जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या २०० विद्यापीठांपैकी एकात प्रवेश मिळालेला हवा. तो प्रवेश ते विद्यापीठ देतं, समाजकल्याण खातं नाही. केंद्राच्या योजनेत देशभरासाठी जागा १२५, आणि तिथेही किमान ६० टक्के गुण लागतातच.

बंगल्यातली मुलं? दहावीनंतर इथेच शिकणाऱ्यांसाठी जी भारत सरकार शिष्यवृत्ती आहे, तिच्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. ही मर्यादा २०१३ मध्ये ठरलेली. आज कायम नोकरीतल्या सरकारी शिपायाचा पगारही त्यापुढे जातो. त्याच्या मुलाला फार तर फ्रीशिप, म्हणजे फीमाफी मिळते, निर्वाह भत्ता नाही.

राहिले खर्चायचे पैसे. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईत वर्षाला ६०,००० रुपये : जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. म्हणजे राहायला महिन्याला सोळाशे-सतराशे. एवढ्यात पुण्यात साधी कॉट मिळवून दाखवा.

आणि हे पैसे महिन्याच्या महिन्याला येतात असंही नाही. माझ्याकडे आलेल्या एका मुलीच्या वडिलांचं नाव आधारवर ‘दत्तात्रय’, उत्पन्नाच्या दाखल्यावर ‘दत्तू’. तेवढ्यावर त्रुटी निघाली, अर्ज परत. दाखला बदलून घ्यायला वडिलांना तहसीलच्या तीन खेपा पडल्या, आणि दर खेपेला त्या दिवसाची मजुरी बुडाली. तोवर पोरगी एक वेळच जेवत होती. रात्रीचा डबा तिने बंद केला होता, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं.

पहिला हप्ता जमा झाला तेव्हा वार्षिक परीक्षा उरकली होती. मेसवाल्या काकूंच्या वहीत तिच्या नावापुढे सात महिन्यांची उधारी मांडलेली होती. बँकेतून ती थेट तिकडेच गेली.