‘तीन महिने खाट सोडू नका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरगुती ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: साठीनंतर खुबा मोडला किंवा गुडघ्याची वाटी बदलली, की तीन महिने खाट सोडू नये. व्यायामाने प्लेट सरकते, रॉड वाकतो. दुखलं म्हणजे आत काहीतरी तुटतंय. या वयात गेलेली ताकद परत येत नाही. फारच वाटलं तर घरात दोन फेऱ्या माराव्यात. बाकी तेलाची मालिश आणि डिंकाचे लाडू पुरे. आणि फिजिओथेरपी? तो पैसे काढायचा धंदा.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. चोपडा, अमळनेर, यावल भागात घरोघरी जाऊन ऑपरेशन झालेल्या माणसांना उभं करणं हे माझं काम. “कसाले तरास देतस म्हातारीले?” असं शेजारची बाई कळवळून विचारते, तेव्हा त्यामागची माया मला कळते. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांच्या मनातही तीच माया असते. पण या सल्ल्याने चालती-फिरती माणसं कायमची अंथरुणाला खिळतात, म्हणून त्याला मुद्द्यागणिक उत्तर द्यायलाच हवं.

पहिला मुद्दा तीन महिन्यांच्या खाटेचा. सगळ्यांत जास्त नुकसान त्यानेच होतं.

पडून राहिलं की स्नायू आटतात, आणि फार वेगाने आटतात. 2007 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठी ओलांडलेल्या, पण ठणठणीत माणसांना फक्त 10 दिवस अंथरुणावर ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतले जवळपास एक किलो स्नायू गेले आणि मांडीची ताकद साधारण 15 टक्क्यांनी कमी झाली. ही माणसं आजारी नव्हती, त्यांचं हाड मोडलं नव्हतं, रक्त गेलं नव्हतं. आता तीन महिन्यांचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

स्नायू हे फक्त एक. पोटरीतल्या शिरेत रक्ताची गाठ होते आणि ती फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो. अशात रेक्झिनच्या गादीवर घामाने भिजलेली पाठ, माकडहाडाची जागा आणि टाचा बघता बघता सोलवटतात. ती जखम भरून यायला खुब्याच्या टाक्यांपेक्षा जास्त दिवस लागतात.

म्हणूनच ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये 2011 पासून असं आहे, की खुब्याच्या ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी, डॉक्टरांची हरकत नसेल तर, रुग्णाला उठवून हालचाल सुरू करावी. आपल्याकडचे सर्जनही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉकर देतात ते याचसाठी. घरी आणल्यावर नातेवाईक तो वॉकर कोपऱ्यात उभा करतात.

काही फ्रॅक्चरमध्ये मात्र सर्जन खरंच ‘पाय टेकवू नका’ असं सांगतात, आणि ते शब्दशः पाळायचं असतं. मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच. पण पाय टेकवायचा नाही याचा अर्थ निजून राहायचं असा नाही. घोटा वर-खाली करणं, गुडघा गादीवर दाबून मांडी आवळणं, उशाला टेकून बसणं, दीर्घ श्वास घेणं हे त्या काळातही चालू ठेवायचं असतं. सुट्टी मिळताना डॉक्टरांना दोन गोष्टी विचारून डिस्चार्ज कार्डावरच लिहून घ्या: पायावर भार किती द्यायचा (काहीच नाही, थोडा, की पूर्ण), आणि काय वाकवायचं नाही. खुब्याचा गोळा बदललेला असेल तर बऱ्याचदा मांडी घालून बसणं, खाली जेवायला बसणं, भारतीय संडासात उकिडवं बसणं आणि पायावर पाय टाकणं बंद असतं. आपल्या घरांत जेवण, निवडणं-टिपणं सगळं जमिनीवर चालतं, त्यामुळे हे कटाक्षाने पाळावं लागतं. कमोडची खुर्ची आणा. काथ्याची बाज काढून टाका. ती मध्ये खचते, कंबर गुडघ्यांच्या खाली जाते आणि उठताना सगळा जोर ऑपरेशनच्या बाजूवर येतो. टणक, गुडघ्यापेक्षा थोडा उंच पलंग हवा.

‘व्यायामाने प्लेट सरकते, रॉड वाकतो.’ हाड जुळेपर्यंत ते जागेवर धरून ठेवणं हे प्लेटचं आणि रॉडचं काम. वादळवाऱ्यात केळीच्या घडाला आपण बांबूचा टेकू देतो, पण घड पोसतो तो झाडावरच. तसंच इथे जुळायचं काम हाडालाच करायचं असतं. आणि हाड भार मिळाला की बळकट होतं, भार काढून घेतला की ठिसूळ होतं. जर्मन सर्जन यूलिउस वोल्फ यांनी हे 1892 मध्येच मांडलं होतं. सर्जनने नेमून दिलेल्या भारात केलेल्या व्यायामाने प्लेट सरकत नाही. ती सरकण्याची किंवा तुटण्याची भीती असते ती पुन्हा पडल्यावर, सांगितल्यापेक्षा जास्त भार दिल्यावर, किंवा हाड महिनोनमहिने जुळलंच नाही तर. आणि पडण्याचं एक मोठं कारण म्हणजे कमजोर मांड्या.

दुखण्याबद्दल नीट बोलायला हवं, कारण सगळेजण तिथेच थांबतात. अनेक आठवडे न वापरलेला स्नायू कामाला लावला की तो ठणकणारच. मी घरच्यांना एक नियम देते. व्यायाम करताना थोडं दुखलं, तासा-दोन तासांत निवळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा वाढलेलं नसलं, तर चालू ठेवा. सकाळी जास्त दुखतंय किंवा गुडघा सुजलाय, तर तोच व्यायाम निम्मा करा. बंद करू नका. दुखतंय म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवण्याची सवय मात्र लावू नका. वाटी बदललेला गुडघा तशाच वाकड्या अवस्थेत आखडतो.

थांबायचं केव्हा, हेही घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. एकच पोटरी सुजली, गरम लागली; अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं; ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू आला; काल टेकत होता तो पाय आज अजिबात टेकवत नाही, आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो, तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांकडे जायचं. धाप किंवा छातीतलं दुखणं असेल तर वाट न पाहता 108 ला फोन करायचा.

‘या वयात ताकद परत येत नाही’ हे वाक्य वाचून मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं, कारण म्हातारी माणसं ते खरं मानतात. 1990 साली बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातल्या दहा जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी वय 90. आठ आठवडे त्यांच्याकडून पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला, तोही चांगला जोर लागेल असा. ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या मांडीची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पटीच्या आसपास गेली. नव्वदीत हे होत असेल, तर पासष्टीच्या माणसाला ‘आता ऱ्हाऊ दे’ कशासाठी म्हणायचं?

पण त्यासाठी घरातल्या दोन फेऱ्या पुरत नाहीत. सपाट फरशीवर चालून चालण्याचा सराव होतो. खुर्चीतून उठायची, ओट्याची पायरी चढायची ताकद मांडी आणि कुल्ल्याच्या स्नायूंत लागते, आणि ती वजनानेच येते. डॉक्टरांनी पूर्ण भाराची परवानगी दिल्यावर सुरुवात अशी करा: भिंतीला टेकवलेली हातांची लाकडी खुर्ची घ्या (प्लास्टिकची सरकते), समोर वॉकर ठेवा, खुर्चीचे हात धरून उठा, सावकाश बसा. आठ ते बारा वेळा. सोपं झालं की हातांचा आधार कमी करा. मग स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा उचला, पाय बाजूला न्या. पुढे घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधून बसल्या बसल्या गुडघा सरळ करा. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या तरच त्याचा उपयोग आहे. बारा वेळा सहज होऊ लागलं की वजन वाढवा. ताकदीचे हे व्यायाम एक दिवसाआड, घोटे आणि मांडी आवळणं मात्र रोज. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उरकून घ्या. रक्तदाबाच्या माणसाने श्वास रोखू नये, मोठ्याने आकडे मोजावेत. उंबरठे, ओली मोरी, पायात ढिली सपाता आणि रात्री लाइट गेल्यावरचा अंधार, या चार गोष्टींचा आधी बंदोबस्त करा. काठी धरायची ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.

मालिश करायला माझी हरकत नाही. सुकलेल्या कातडीला, मनाला बरं वाटतं. पण तेल लावून स्नायू तयार होत नाही, आणि सुजलेली पोटरी तर चोळूच नये. आत गाठ असेल तर ती सुटून पुढे जाऊ शकते.

लाडूतला डिंक हाड सांधत नाही. त्यात मुख्यतः तूप आणि गूळ, आणि मधुमेह असेल तर ते बेतानेच. स्नायूला प्रथिनं लागतात: पासष्टीनंतर दर किलो वजनामागे रोज किमान 1 ते 1.2 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या बाईला 60 ते 72 ग्रॅम. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका चहा आणि अर्धी भाकरी खाऊन दिवस काढतात. तिथे कळण्याची भाकरी, घट्ट उडदाची डाळ, मूठभर शेंगदाणे, दही, दूध, खात असतील तर दोन अंडी, असं दिवसभरात वाटून द्या. किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

राहिला धंद्याचा आरोप. रोज येऊन नुसतं मशीन लावून जाणारे आहेत, हे मी नाकारत नाही. त्यावर उपाय फिजिओथेरपी सोडणं नव्हे, योग्य माणूस निवडणं हा आहे. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची राज्य परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. ज्याला रोज येणं परवडत नाही त्याने जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, नंदुरबारला जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची चौकशी करावी. आणि घरी येणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा: व्यायाम सुनेला, मुलाला, नातवाला शिकवा, किती वेळा आणि किती वजन ते कागदावर लिहून द्या, आठवड्याने येऊन तपासा आणि वाढवून द्या. जो हे आनंदाने करेल त्याला ठेवा. जो टाळेल त्याला बदला.